टन नव्हे, तासाला किती किलो पाणी ते विचारा: कोकणातल्या रुग्णालयांच्या वातानुकूलनाच्या निविदा लिहिणाऱ्या अभियंत्यांना खुले पत्र

प्रति,
कोकण किनारपट्टीवरील सरकारी रुग्णालयांच्या वातानुकूलनाची अंदाजपत्रके आणि निविदा तयार करणारे अभियंते

विषय: सूर्याच्या उष्णतेवर चालणारी द्रव-डेसिकंट (मिठाच्या द्रावणाने हवा सुकवणारी) यंत्रणा कुठे घ्यावी, कुठे घेऊ नये, आणि घ्यायची ठरली तर निविदेत काय लिहावे

स.न.वि.वि.

किनाऱ्यावरच्या रुग्णालयाला ताजी हवा द्यायची म्हणजे मुख्यतः पाणी काढायचे असते, उष्णता नव्हे. अंदाजपत्रकात मात्र सगळे टनात मोजले जाते आणि टन काढताना तापमानाकडेच लक्ष असते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे. म्हणून आधी आकडे मांडतो.

मे महिन्यातली दुपार धरा. बाहेर 32 अंश तापमान आणि 70 टक्के सापेक्ष आर्द्रता. अशा हवेत दर किलो कोरड्या हवेमागे 21 ग्रॅम बाष्प असते. आत 24 अंश आणि 55 टक्के ठेवायचे, म्हणजे 10 ग्रॅमच्या आसपास. बाह्यरुग्ण विभाग आणि एक वॉर्ड मिळून तासाला 1000 घनमीटर ताजी हवा लागते असे समजू. तेवढ्या हवेतून तासाला सुमारे 12 किलो पाणी काढावे लागते. त्या पाण्याची सुप्त उष्णता, म्हणजे बाष्पाचे पाणी होताना सुटणारी उष्णता, 8.4 किलोवॅट होते. तीच हवा 32 वरून 24 अंशांवर आणायला लागतात फक्त 2.5 किलोवॅट. पाण्याचा भार तापमानाच्या भाराच्या तिपटीहून जास्त आहे, आणि जुलैत बाहेरचे तापमान 28 वर उतरले तरी बाष्प 21 ग्रॅमच राहते. तेव्हा हे प्रमाण आणखी व्यस्त होते.

भिंतीवरच्या स्प्लिट एसीला फक्त तापमान कळते. पावसाळ्यात खोली लवकर गार होते, कॉम्प्रेसर थांबतो, कॉइलवर साचलेले पाणी पंख्याच्या वाऱ्याने पुन्हा खोलीत उडते. मग गार पण ओलसर खोली, चादरींना वास, औषधांच्या खोक्यांना बुरशी. यावर उपाय म्हणून कोणी 16 वर सेट करते. त्याने बिल वाढते आणि भिंतींना घाम फुटतो.

द्रव-डेसिकंट यंत्रणा हवेतले पाणी गारव्याने नाही, मिठाने ओढते. कॅल्शियम क्लोराईडचे 40 टक्क्यांचे द्रावण (बर्फाच्या कारखान्यातल्या लोकांना हे ब्राईन म्हणून ठाऊक आहे, फक्त तिथे ते याहून पातळ असते) स्वतःच्या तापमानाला हवा 40 टक्के सापेक्ष आर्द्रतेपर्यंत कोरडी करू शकते. लिथियम क्लोराईडचे 40 टक्क्यांचे द्रावण तीच हवा 20 टक्क्यांपर्यंत नेते. हवेतले पाणी पिऊन द्रावण पातळ झाले की ते 60 ते 65 अंशांपर्यंत तापवायचे आणि त्यावरून बाहेरचीच हवा फिरवायची. पाणी उडून जाते, द्रावण पुन्हा घट्ट होते. लिथियमला 70 ते 75 अंश लागतात. दोन्ही तापमाने छतावरच्या साध्या सौर कलेक्टरच्या आवाक्यातली आहेत, आरसे फिरवावे लागत नाहीत. बाहेरची हवा दमट असली तरी हे का जमते, असा प्रश्न हमखास येतो. 60 अंशांच्या द्रावणावरचा बाष्पदाब 8 किलोपास्कलच्या पुढे असतो, किनाऱ्यावरच्या हवेतला 3.3. पाणी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते, एवढेच.

कल्पना नवीन नाही. अमेरिकी अभियंते जॉर्ज लोफ यांनी 1955 मध्ये ग्लायकॉल वापरून सूर्याच्या उष्णतेवर असे वातानुकूलन मांडले होते. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीत द्रव-डेसिकंटवर हवा सुकवण्याच्या उपकरणांचे काम झाले आहे. तरीही हे यंत्र आपल्या इमारतींत फारसे दिसत नाही, आणि त्याला कारणे आहेत. ती लपवून ठेवणाऱ्या विक्रेत्याकडून काहीही घेऊ नका.

पहिले कारण: सौर पॅनेल स्वस्त झाली. नुसती दिवसा चालणारी कचेरी असेल तर छतावर पॅनेल टाकून चांगला इन्व्हर्टर कॉम्प्रेसर चालवणे हाच सरळ सौदा आहे. वरच्या 1000 घनमीटर हवेला कॉम्प्रेसरने 14 अंशांपर्यंत गार करून 10 ग्रॅमवर आणायचे तर 14.6 किलोवॅटचा, म्हणजे 4.15 टनांचा गारवा आणि सुमारे 4.9 किलोवॅट वीज लागते. दहा तासांची 49 युनिट. ती 50-55 चौरस मीटर पॅनेलमधून उन्हाळ्यात निघतात. त्यासाठी मिठाच्या पाण्याच्या नादी लागू नये. विदर्भातही लागू नये. तिथल्या मेच्या कोरड्या उन्हात वाळ्याचा कूलर आपले काम चोख करतो.

हे यंत्र आपली किंमत वसूल करते ते जिथे रात्रभर हवा कोरडी लागते तिथे: वॉर्ड, औषध भांडार, क्ष-किरण आणि प्रयोगशाळेच्या खोल्या. याचे कारण साठवण. घट्ट द्रावण टाकीत झाकून ठेवले की महिनाभरानेही तेवढेच घट्ट असते, गरम पाण्यासारखे निवत नाही. 41 टक्क्यांचे 1000 लिटर द्रावण 38 टक्क्यांवर येईपर्यंत सुमारे 110 किलो पाणी पिते. त्या पाण्याची सुप्त उष्णता 75 युनिट (किलोवॅट-तास) होते. हेच काम बॅटरी आणि कॉम्प्रेसरने करायचे तर 25 युनिटची बॅटरी हवी, आणि ती काही वर्षांनी बदलावी लागते. मीठ बदलावे लागत नाही. आमचा सगळा आग्रह या एका गोष्टीसाठी आहे. तुम्ही गार करणारे यंत्र विकत घेत नाही आहात, कोरडेपणाचा साठा विकत घेत आहात, तेव्हा अंदाजपत्रकात टाकीला यंत्राइतकेच महत्त्व द्या.

आता मोजमाप. दिवसा दहा तास पूर्ण हवा, रात्री चौदा तास निम्मी हवा धरली तर पाणी 123 अधिक 86, म्हणजे रोज 209 किलो. एक किलो पाणी उडवायला निव्वळ 0.68 युनिट उष्णता पुरते, पण रिजनरेटर, म्हणजे द्रावण तापवून पुन्हा घट्ट करणारा भाग, शंभर टक्के कार्यक्षम नसतो. चांगल्या यंत्रात 60 टक्के धरा, म्हणजे किलोमागे 1.13 युनिट आणि दिवसाला सुमारे 236 युनिट उष्णता. कोकणात एप्रिल-मेमध्ये चौरस मीटरवर रोज 6 ते साडेसहा युनिट ऊन पडते. 70 अंशांच्या पाण्याला व्हॅक्यूम नळ्यांचे कलेक्टर, म्हणजे बाजारातले ईटीसी, त्यातले निम्मे पदरात टाकतात. म्हणजे 80 चौरस मीटर कलेक्टर. कोणी याच कामाला 40 चौरस मीटर लिहून आणले तर त्याने रिजनरेटरची कार्यक्षमता शंभर टक्क्यांच्या वर धरली आहे. त्याला हिशेब मांडून दाखवायला सांगा.

त्या 60 टक्क्यांमागे एक साधा भाग आहे: रिजनरेटरमध्ये जाणारे गार पातळ द्रावण आणि बाहेर येणारे गरम घट्ट द्रावण यांच्यामधला हीट एक्स्चेंजर. खर्च कापायचा म्हणून हा सगळ्यात आधी उडवला जातो. तो नसेल तर दुहेरी नुकसान होते. उष्णता वाया जाते आणि गरम द्रावण थेट सुकवणाऱ्या भागात येऊन तिथले काम बिघडवते. कार्यक्षमता 40 टक्क्यांवर घसरली की तेच काम करायला 120 चौरस मीटर कलेक्टर लागतात. निविदेत हा एक्स्चेंजर वेगळी बाब म्हणून लिहा, प्लेटा टायटेनियमच्या, किमान 75 टक्के परिणामकारकतेचा.

टाकी 1500 लिटरची धरू. रात्रीचे 86 किलो आणि सकाळी कलेक्टर तापेपर्यंतचे दोनेक तास त्यात भागतात. 41 टक्क्यांच्या 1500 लिटर द्रावणाला बाजारातले 77 टक्के शुद्धतेचे कॅल्शियम क्लोराईडचे फ्लेक्स सुमारे 1,120 किलो आणि पाणी सुमारे 985 लिटर लागते. सौराष्ट्रातले सोडा ॲशचे कारखाने सॉल्वे पद्धतीने चालतात, त्या पद्धतीत कॅल्शियम क्लोराईड दुय्यम पदार्थ म्हणून निघते, त्यामुळे ते दुर्मीळ नाही. एक काळजी घ्यायची: पाण्यात मीठ टाकायचे, थोडे थोडे, ढवळत. मिठावर पाणी ओतायचे नाही. विरघळताना उष्णता निघते, आणि फ्लेक्सऐवजी निर्जल माल आला तर प्लास्टिकची टाकी मऊ पडण्याइतके तापते. पाणी आरओचे घ्या. बोअरच्या पाण्यातले सल्फेट कॅल्शियमशी मिळून जिप्सम होते आणि बारीक छिद्रे बुजतात.

भरलेल्या टाकीचे वजन सव्वादोन टन. ती जमिनीवर ठेवा, छतावर नको. घट्ट आणि पातळ द्रावणाला दोन टाक्या असाव्यात. एकीत मिसळले तर साठ्याचा उपयोगच उरत नाही, कारण मध्यम घट्टपणाचे द्रावण कुठलेच काम नीट करत नाही. पाणी पिऊन द्रावणाचे आकारमान दहा टक्क्यांनी वाढते, तेवढी जागा वर मोकळी ठेवायची.

आता तो मुद्दा, जिथे बहुतेक प्रस्तावांचे घोडे पेंड खाते. पाणी शोषताना द्रावण तापते. जितके पाणी शोषले तितकी सुप्त उष्णता द्रावणात उतरते आणि ती कुठेतरी सोडावी लागते. विक्रेता कूलिंग टॉवर (थोडे पाणी हवेत उडवून उरलेले गार करणारा मनोरा) दाखवतो. कोरड्या प्रदेशात तो पुरतो, पण किनाऱ्यावर मेमध्ये ओल्या बल्बचे तापमान, म्हणजे पाणी उडवून जास्तीत जास्त जितके गार होता येते ते, 27 ते 28 अंश असते. टॉवरचे पाणी 30 च्या खाली येत नाही, द्रावण 32 च्या खाली येत नाही, आणि 32 अंशांचे 41 टक्के कॅल्शियम क्लोराईड हवेला 13 ते 14 ग्रॅमपर्यंतच आणते. 10 ग्रॅम नाहीच. पंखे चालू असलेल्या प्रतीक्षागृहाला 13 ग्रॅम चालतील, वॉर्डाला आणि औषध भांडाराला चालणार नाहीत. राजस्थानातल्या किंवा परदेशातल्या कोरड्या गावच्या चाचणीचा अहवाल जोडून कोकणात यंत्र विकणे म्हणजे फसवणूकच आहे, मग ती अजाणता का असेना.

यातून दोन वाटा निघतात. एक, लिथियम क्लोराईड वापरा. 32-33 अंशांनाही ते हवेला 8-9 ग्रॅमवर नेते. पण ते आयातीच्या लिथियमवर अवलंबून आहे, बॅटरीच्या बाजाराबरोबर त्याचा भाव नाचतो, आणि 1500 लिटरचा साठा त्यात करायचा म्हटले तर साठवणीचा सगळा स्वस्तपणा गेला. आमचा कल दुसऱ्या वाटेकडे आहे: कॅल्शियम क्लोराईड आणि दोन टप्पे. पहिल्या टप्प्यात द्रावण टॉवरच्या पाण्याने गार करायचे आणि हवा 21 वरून 14 ग्रॅमवर आणायची. दुसऱ्या टप्प्यात 20 अंशांच्या पाण्याने गार केलेले द्रावण हवेला 14 वरून 10 वर नेते. हे 20 अंशांचे पाणी लहान चिलरमधून घ्यायचे, त्यावरचा भार जेमतेम 6 किलोवॅट. नेहमीचा चिलर 7 अंशांचे पाणी करतो. 20 अंशांच्या पाण्याला त्याला फार कमी वीज लागते. पंप, पंखे, टॉवर सगळे धरून 2 ते अडीच किलोवॅटमध्ये काम होते, कॉम्प्रेसरवर सगळे टाकले तर लागणाऱ्या 4.9 च्या निम्म्यात. द्रावणाचा प्रवास हवेच्या उलट हवा: घट्ट द्रावण आधी दुसऱ्या टप्प्याला, मग पहिल्याला. पाइप उलटे जोडल्यामुळे यंत्र अपेक्षेइतके सुकवत नाही, असा दोष चाचणीत लवकर सापडत नाही. म्हणून नकाशावर बाण मागा.

गारवा कुठे पोचवायचा हेही महत्त्वाचे आहे. द्रावण आधी गार करून मग पॅकिंगवर, म्हणजे हवा आणि द्रावण भिडवणाऱ्या सच्छिद्र थरावर, ओतायचे ही स्वस्त रचना. त्यात हवेच्या वजनाइतके द्रावण ओतले तरी वरून खाली येईपर्यंत ते सुमारे 10 अंशांनी तापते, त्यावरचा बाष्पदाब पावणेदोन पटीच्या वर जातो, आणि पॅकिंगचा खालचा भाग नावापुरता उरतो. मग पंप मोठा करायचा, प्रवाह दुप्पट करायचा, आणि त्याने थेंब उडायला लागतात. त्यापेक्षा पॉलिप्रॉपिलीनच्या पोकळ प्लेटा घ्या: आतून गार पाणी, बाहेरून पातळसर फडक्यासारख्या थरातून झिरपणारे द्रावण. प्रवाह इतका कमी पुरतो की या आकाराच्या यंत्राला मिनिटाला दोन लिटर घट्ट द्रावण बस होते. दर चौरस इंचाला धबधबा वाहताना दिसला की समजा यंत्र जुन्या धाटणीचे आहे.

थेंब हा रुग्णालयात सगळ्यात गंभीर दोष. मिठाचा थेंब हवेबरोबर पुढे गेला तर डक्ट गंजते, पुढच्या एसीचे तांब्याचे कॉइल खाल्ले जाते, आणि रुग्णाच्या खोलीत मीठ जाते. म्हणूनच शस्त्रक्रियागृहात पहिला प्रयोग करू नका, विक्रेता कितीही निर्जंतुकतेच्या गोष्टी सांगो. वॉर्ड आणि भांडारावर एक पावसाळा निघाल्यावर बघू. तपासणी सोपी आणि स्वस्त आहे. डक्टमध्ये यंत्रानंतर दोन मीटरवर स्वच्छ काचेची पट्टी हवेच्या तोंडाला उभी करून आठवडाभर ठेवायची. ती 20 मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात धुवायची आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकायचे. पाणी नितळ राहिले तर ठीक. दुधाळ झाले तर क्लोराईड बाहेर पडते आहे. किनाऱ्यावर समुद्राच्या हवेतलेही मीठ असते, म्हणून तशीच एक पट्टी यंत्राच्या आधी, फिल्टरनंतर लावायची आणि दोन्हींची तुलना करायची. नुसत्या पुढच्या पट्टीवर भांडण झाले तर विक्रेता समुद्राकडे बोट दाखवून मोकळा होईल.

साहित्याबाबत कुठेही सवलत देऊ नका. द्रावणाचा जिथे स्पर्श होतो तिथे धातू म्हणजे फक्त टायटेनियम. स्टेनलेस स्टील 316 चालेल असे सांगितले जाते. गरम क्लोराईडमध्ये त्याला सुईच्या टोकाएवढी भोके पडतात, आणि ती प्लेट हीट एक्स्चेंजरमध्ये पडली तर मीठ थेट कलेक्टरच्या पाण्यात जाते. टाक्या एचडीपीई, गरम बाजूचे पाइप सीपीव्हीसी किंवा पीपी, पंप मॅग्नेटिक ड्राइव्हचे पीपी बॉडीचे, सील ईपीडीएमचे. यंत्र बिघडवतात ते मोठे भाग नव्हेत. प्लंबरने जागेवर बसवलेला पितळेचा बॉल व्हॉल्व्ह, जीआयचा एखादा निपल, तांब्याची थर्मामीटरची नळी, हे सहा महिन्यांत गंजून गळायला लागतात. बसवून झाल्यावर चुंबक आणि बारीक नजर घेऊन सगळी जोडणी एकदा फिरून बघा. चुंबक लोखंड पकडतो, पितळ नाही, म्हणून नजरही हवीच.

स्थापत्याच्या बाजूला एक विशेष विनंती. आरसीसीत क्लोराईड किती असावे याला आयएस 456 मध्ये घनमीटरला 0.6 किलोची मर्यादा आहे, आणि आपण इथे शेकडो किलो क्लोराईड स्लॅबजवळ आणतो आहोत. रिजनरेटर छतावर ठेवणार असाल तर त्याखाली एफआरपीचा (काचतंतू घातलेल्या प्लास्टिकचा) अखंड ट्रे हवा, टाक्यांभोवती एकूण साठ्याच्या 110 टक्के मावेल असा लाइनर लावलेला कठडा हवा. या मिठाचा डाग कधी वाळत नाही. हवेतले पाणी ओढून तो ओलाच राहतो आणि भेगेतून सळईपर्यंत जातो. कलेक्टरच्या चौकटी आयएस 875 भाग 3 प्रमाणे वाऱ्याला तपासून स्लॅबमध्ये नांगरा, नुसत्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर ठेवू नका. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळाने रायगडात छपरांचे काय केले ते विसरण्यासारखे नाही.

कलेक्टरच्या फेऱ्यात मीठ नाही, पाणीच आहे. पण वीज गेली आणि पंप थांबला की भर दुपारी ईटीसीच्या नळ्या दीडशे अंशांच्या पुढे जातात. सीपीव्हीसी 90 च्या वर मऊ पडते. म्हणून कलेक्टरजवळचे पहिले काही मीटर तांब्याचे, आणि पंप थांबताच पाणी टाकीत उतरून येईल असा उतार. या पंपाला इन्व्हर्टरवर घेतले तर उत्तमच, तो दोन-तीनशे वॅटचाच असतो.

उघड्या काळ्या पन्हाळी छतावर द्रावण सोडून थेट उन्हात आटवण्याची रचना 1960 च्या दशकात तुर्कमेनिस्तानात वापरून पाहिली गेली. पावसाच्या आणि जांभ्याच्या धुळीच्या प्रदेशात ती नको. एका वळवाच्या सरीत महिनाभराची मेहनत वाहून जाते.

रोजच्या चालवण्यात तीन गोष्टी बिघडतात. पहिली, स्फटिक. कॅल्शियम क्लोराईड 20 अंशांना 42-43 टक्क्यांना आणि 10 अंशांना 39-40 टक्क्यांना गोठायला लागते. मालवणात अडचण नाही. दापोलीसारख्या ठिकाणी जानेवारीच्या पहाटे पारा खूप उतरतो, तिथे डिसेंबर ते फेब्रुवारी घट्टपणाची मर्यादा 38 वर आणा. त्या दिवसांत हवाही कोरडी असते, नुकसान नाही. दुसरी, रिजनरेटर गरम असताना बंद केला की प्लेटांवर द्रावण सोडणाऱ्या वितरकाच्या बारीक छिद्रांत द्रावण सुकून मीठ धरते, आणि दुसऱ्या दिवशी निम्म्या प्लेटा कोरड्या राहतात. बंद करताना उष्णता तोडून दहा मिनिटे पातळ द्रावण फिरवायचे, हे पॅनेलच्या प्रोग्राममध्येच बसवलेले असावे, ऑपरेटरच्या आठवणीवर नको. तिसरी, पांढरा गाळ. तांत्रिक दर्जाच्या मिठात थोडा चुना असतो, हवेतला कार्बन डायऑक्साईड त्याच्याशी मिळून कॅल्शियम कार्बोनेट होते. पीएच महिन्याला बघा, 9 च्या वर गेला तर थोडे सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून 7 ते 8 वर आणा. त्यातून कॅल्शियम क्लोराईडच तयार होते, वेगळे काही मिसळले जात नाही. तळाशी लाल गाळ दिसला तर मिठाला दोष देऊ नका. तो जांभ्याचा, आणि हवेचा फिल्टर फाटल्याचा पुरावा.

घट्टपणा मोजायला महाग सेन्सर लागत नाही. काचेचा हायड्रोमीटर पुरतो. 25 अंशांना 1.40 ते 1.41 म्हणजे 41 टक्क्यांच्या जवळ, 1.37 म्हणजे 38. वाचन घेताना तापमान लिहायचे, गरम द्रावण हलके वाटते.

पावसाळ्याबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन चौरस मीटरला साडेतीन-चार युनिटांवर येते, तेही ढगांतून, आणि कलेक्टर उन्हाळ्याच्या निम्म्याहून कमी उष्णता देतात. साठा एखाद्या दिवसाची फट भरतो, दोन महिन्यांची नाही. पूरक उष्णता लागणारच. ठेकेदार काय करतो? गरम पाण्याच्या टाकीत 12 किलोवॅटचा हीटर गुपचूप बसवतो. यंत्र छान चालते, बिल आल्यावर कळते. हीटरवर एक किलो पाणी काढायला 1.1 युनिटहून जास्त वीज जाते, साध्या कॉम्प्रेसरने ते 0.4 मध्ये झाले असते. मग सौर म्हणून घेतलेले यंत्र वीजबिलाच्या दृष्टीने इमारतीतले सगळ्यात वाईट यंत्र ठरते. निविदेत लिहा: पूरक उष्णता विजेच्या रेझिस्टन्स हीटरने देता येणार नाही. त्याऐवजी दुसऱ्या टप्प्याचा चिलर 65 अंशांपर्यंत उष्णता देणाऱ्या हीट पंपाच्या जातीचा घ्या. त्याच्या गार बाजूने द्रावण गार होते, गरम बाजूने रिजनरेटर चालतो. त्याच यंत्रातून दोन्ही गरजा भागतात. काजूच्या टरफलांचा बॉयलर सुचवला जाईल, स्वस्तही पडेल. त्याचा झोंबणारा धूर वॉर्डाच्या खिडक्यांजवळ नको.

पाण्याचा हिशेबही कोकणात डोळ्याआड करता येत नाही. साडेतीन हजार मिलिमीटर पावसाच्या गावात मेमध्ये टँकर येतो. कूलिंग टॉवरला रोज 250 ते 300 लिटर पाणी लागेल. शिवाय कॉम्प्रेसरच्या कॉइलखाली जे पाणी बादलीत मिळते, ते इथे रिजनरेटरमधून हवेत जाते, मिळत नाही. जिथे मेमध्ये रुग्णालयाला प्यायला टँकर लागतो, तिथे हा टॉवर मंजूर करण्याआधी पावसाच्या पाण्याची टाकी मंजूर करा, नाहीतर दुसरी जागा निवडा.

रिजनरेटरची बाहेर जाणारी हवा तापलेली आणि भिजलेली असते. ती ताज्या हवेच्या तोंडाशी आली तर यंत्र आपणच उडवलेले पाणी पुन्हा पीत बसते. उन्हाळ्यात दुपारचा वारा समुद्राकडून येतो, तेव्हा ताज्या हवेचे तोंड पश्चिमेच्या अंगाला आणि रिजनरेटरची चिमणी पूर्वेला, मध्ये किमान पाच-सहा मीटर.

निविदेची मुख्य ओळ अशी लिहावी असे आम्ही सुचवतो: "32 अंश, 70 टक्के आर्द्रतेची तासाला 1000 घनमीटर बाहेरची हवा घेऊन तासाला किमान 12 किलो पाणी काढणे; सूर्यास्तानंतर रिजनरेटर बंद ठेवून निम्म्या हवेवर चौदा तास तासाला किमान 5.5 किलो पाणी काढत राहणे. आणि या दोन्ही स्थितींत विजेचा वापर किलोमागे 0.2 युनिटच्या आत." चाचणीत हवेचा वेग आणि दोन्ही टोकांची आर्द्रता मोजायची, आणि ताळा म्हणून टाक्यांची पातळी आणि हायड्रोमीटर. मिठाचे वजन बदलत नाही, त्यामुळे दोन वाचनांतल्या घट्टपणाच्या फरकावरून किती पाणी शोषले ते सरळ निघते. दोन हिशेबांत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर हवेचा वेग पुन्हा मोजा. चूक बहुधा तिथेच सापडते.

पैसे देण्याचे टप्पे ठरवताना चाचणी दोनदा ठेवा, एकदा एप्रिल-मेमध्ये आणि एकदा 15 जुलै ते 15 ऑगस्ट दरम्यान. देयकातले किमान 20 टक्के दुसऱ्या चाचणीपर्यंत रोखा. मार्चअखेर निधी खर्ची पडला पाहिजे, ही अडचण आम्हाला माहीत आहे. ती रक्कम अनामतीत वर्ग करून ठेवण्याची तरतूद करारातच करा, कारण फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत घेतलेल्या चाचणीत कुठलेही यंत्र पास होते.

कळावे,
आपले,
किनारपट्टीवर हवा कोरडी करण्याच्या यंत्रणांचे काम करणारे काही अभियंते